पौषातली ओल

कडूबाईला शंका यायला कारण लागत नसे. दूध घालणारी बाई हसली तर दुधात पाणी, न हसली तर मग विचारूच नका. बाजारातून जवारी आणायची तर मूठभर घेऊन हुंगणार, एक दाणा दाताखाली फोडून बघणार, अन् तरी घरी येईपर्यंत मान हलवत राहणार. पूर्णा स्टेशनाच्या मागच्या गल्लीत तिला 'शंकासुरीण' म्हणायचे. तोंडावर नव्हे हो, तेवढी कुणाची छाती होती!

पण नावं ठेवणं सोपं असतं. कडूच्या आईची लेकरं जगत नव्हती, म्हणून हिचं नाव कडू ठेवलं, की यमानं चव घ्यावी अन् थुंकून टाकावी. पुढं लग्न झालं तर हिच्याही कपाळी तेच. आधीची लेकरं पाळण्यातच गेली. मग मुलगी झाली, तिचं नाव हिनं कुणाला न विचारता दगडाबाई ठेवलं. "दगड कोन उचलून नेतंय?" म्हणायची. दगडी पाच वर्षांची झाली, गल्लीभर पळायला लागली, पण थंडी पडली की तिची छाती वाजायची. तो आवाज आला की कडूबाई हातातली भाकर तशीच धरून ऐकत बसायची, अन् तव्यावरची करपून जायची.

नवरा भुजंग निजामाच्या रेल्वेत सांधेवाला. गाडी आली की रूळ बदलायचे, झेंडी दाखवायची. माणूस गरीब स्वभावाचा, पण तोंडात तीळ भिजत नव्हता. ड्युटी सुटली की शिंदीच्या दुकानात पीत बसायचा, अन् घरातली आमटी खारट झाली तरी ती बातमी तिथं आधी पोचायची. कडूबाईनं त्याला मनातलं सांगणं कधीच सोडून दिलं होतं.

नोकरीपायी ताडकळस सोडून दोघं पूर्णेला आले तेव्हा शिवम्मानं त्यांना घर दिलं. शिवम्मा लिंगायत, विधवा, पोरबाळ नाही. नवऱ्याचं भुसार दुकान त्याच्यामागं बुडालं, तेव्हा तिनं राहत्या घराच्या मधून कच्च्या विटांची एक आडभिंत घातली अन् अर्धं घर भाड्यानं लावलं. भिंतीत एक दार ठेवलं होतं, दोन्हीकडून कडी. कडूबाई तिला आक्का म्हणायची. विस्तव, विरजण, मिठाचा खडा, सगळं त्या दारातून इकडचं तिकडं व्हायचं. शंकासुरीण आख्ख्या पूर्णेत एकाच बाईच्या हातचं न हुंगता खायची, ती ही शिवम्मा.

अन् नेमकं तिथंच बिनसलं.

सन अठ्ठेचाळीस लागत होतं. पलीकडं हिंदुस्थानात स्वातंत्र्याचे झेंडे लागून गेले, इकडं अजून निजामाचाच अंमल. रझाकार फिरत होते. सत्याग्रही पोरं निजामाचं दारूचं उत्पन्न बुडवायला शिंदीची झाडं तोडून, करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जाळून पळत होती अन् पोलीस त्यांच्या मागं. बोलायच्या आधी माणूस मान वळवून मागं बघायचा. थोडक्यात काय, सगळा मुलूखच कडूबाईसारखा झाला होता.

त्या मार्गशीर्षात आडभिंतीला ओल दिसली. खाली, जमिनीच्या जरा वर, ताटाएवढा डाग. कडूबाईनं त्यावर राख चोळली. डाग परातीएवढा झाला. तिनं चुना लावला, चुना फुगून पडला. शेणमातीनं लिंपलं तर लिंपण वाळेचना, उलट त्यावर आधी पांढरा, मग हिरवा-काळा बुरा चढला. घरात शिळ्या भाकरीसारखा वास भरला. अन् दगडीची वाकळ त्याच भिंतीकडंला असायची. दुसरीकडं चूल, तिसरीकडं न्हाणी, चौथीकडं दार. लेकराला निजवायचं कुठं, माळ्यावर?

दगडीचा खोकला वाढला. श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढायला लागल्या. कडूबाईनं हे आधी दोनदा बघितलं होतं, पुढं काय होतं तेही बघितलं होतं.

"ही ओल न्हाई गेली तर पोरगी जाती माजी," ती भुजंगाला म्हणाली.

"भित हाय, घाम आला आसंल," भुजंग म्हणाला अन् पटका बांधून ड्युटीवर गेला. घ्या! अशा माणसाशी काय बोलायचं!

कडूबाई मधल्या दाराशी गेली. कडी वाजवली. एरवी शिवम्मा 'ये गं' म्हणून दार सताड उघडायची. आज तिनं वीतभर फट ठेवली अन् फटीत स्वतः उभी राहिली.

"आक्का, तुमच्या बाजूनं बगू द्या बरं भित. हिकडून लय ओल यायलीय."

"पावसाची हाय गं. मुरलेली."

"पावसाची? दिवाळी झाली, संक्रांत आली. सगळ्या गावाच्या भिती वाळल्या अन् आपलीच तेवढी वाढायली?" कडूबाईनं तिच्या डोळ्यात बघितलं. "आक्का, पाणी कुठंतरी मुरायलंय."

ती भिंतीबद्दलच बोलली होती. पण शिवम्माचा चेहरा असा उतरला की कडूबाईला आपल्याच वाक्याचा दुसरा अर्थ लागला. शिवम्मानं दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

झालं! शंकासुरिणीला एवढं पुरे होतं.

आता ती बघायला लागली. शिवम्माची न्हाणी पुढच्या अंगणात, तिचं पाणी सरळ गल्लीच्या नालीत जायचं. मग आत भिंतीला पाणी कशाचं? एकटी बाई, पण विहिरीवरच्या खेपा वाढल्या होत्या. दुपारी गल्ली निजली की पलीकडून पाणी सांडल्याचा आवाज यायचा. अन् एके दुपारी खोकला आला. शिवम्माचा नव्हे. जाड, घशात दाबलेला, गड्याचा.

कडूबाई भिंतीला कान लावून उभी राहिली. ओल तिच्या गालाला लागली. म्हणजे असं हाय तर, तिच्या मनात आलं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, अन् घरात गडी. दुपारचं कुणाला तरी ऊन पाणी चाललंय, अन् त्या पाण्यानं माझ्या लेकराची छाती भरायलीय. तिला शिवम्माचा जितका राग आला तितका उभ्या जन्मात कुणाचा आला नव्हता. परक्यानं फसवलं तर माणूस शिवी देतो. पण जिच्या हातचं न हुंगता खाल्लं तिनंच असं करावं?

दुसऱ्या दिवशी विहिरीवर ती फुटलीच. शिवम्मा दोर ओढत होती. कडूबाईनं घागर दणकन खाली ठेवली.

"एकल्या बाईला येवढं पाणी कामून लागतंय, आक्का? कुनाला न्हाऊ घालायलाव?"

विहिरीवरचे रहाट थांबले. शिवम्मा दोर ओढत राहिली. निदान भांडली असती तरी कडूबाईला बरं वाटलं असतं.

"गड्याचा खोकला ऐकलाय मी! ह्या कानांनी! म्हातारपनी हे धंदे, अन् भोगायचं माज्या पोरीनं!"

शिवम्मानं भरलेली घागर उचलली अन् निघून गेली. मागं गल्लीतली बायनाबाई तोंडाला पदर लावून उभी होती. या बायनाबाईबद्दल एवढंच सांगतो, की पूर्णेला तारऑफिस नसतं तरी चाललं असतं.

घरी येऊन कडूबाईनं खुरपं घेतलं. ठरवलंच होतं तिनं. सगळं भिजकं लिंपण खरवडून काढायचं, उघड्या विटांना निखाऱ्याची शेगडी लावायची, पलीकडच्या बाईला काय करायचं ते करू दे. दगडी वाकळीवर बसून धापत होती. कडूबाई खरवडत सुटली. बुरशी, माती, चुना, खाली ढीग पडला. पण पाणी पिऊन पिऊन कच्ची वीटच आतून चिखल झाली होती. खुरपं एकदा लागलं अन् आख्खी वीट पलीकडं घसरली.

भोक पडलं. कडूबाईनं वाकून बघितलं.

समोर अंधारी कोठी. पणती लावलेली. ओल्या जमिनीवर परात, परातीत पाणी. अन् बाजूला एक पोरगा बसलेला, उघडा, मिसरूड फुटलेलं, कपाळावर भस्माचे पट्टे. डाव्या तळहातावर त्यानं लिंग धरलं होतं अन् उजव्या हातानं त्यावर बेलाचं पान ठेवत होता. वीट पडली तसं त्यानं वर बघितलं. दचकला, पण उठला नाही. पूजा अर्धी टाकून उठता येत नाही ना. पान ठेवलं, डोळे मिटले, ओठ हलले, मग लिंग वस्त्रात बांधून गळ्यात घातलं. अन् तेव्हा कुठं भोकाकडं बघून हळू म्हणाला,

"ताई, ती पोरगी लय खोकते. बरी हाय का ती?"

 तेवढ्यात मधल्या दाराची पलीकडली कडी निघाली. शिवम्मा उभी होती, पांढरीफटक.

"माज्या बहिनीचा हाय गं. बसवराज. शिंदीच्या झाडांपायी वॉरंट हाय त्याच्यावर. धरला तर सोडत न्हाईत." ती दाराला धरून खाली बसली. "अंगनात कसा न्हाऊ घालू? सारी गल्ली बघती. आत परातीत न्हातो, पण परात ती किती पानी धरनार? मी म्हनलं, बाबा, अंग पुसून घे, शिव काय रागवायचा न्हाई. ऐकंल तर शपथ. आंगुळ केल्याबिगर लिंग हातात घेत न्हाई, अन् लिंगपूजा केल्याबिगर पाण्याचा घोट घेत न्हाई."

कडूबाईचं डोकंच फिरलं. "झाडं तोडायला हिम्मत हाय, अन् एक दिस पारोसं ऱ्हायला न्हाई? हा न्हातो अन् माजी पोरगी मरायली, आक्का! बगा तिच्याकडं!"

पोरानं भोकातून बघितलं. दगडीच्या बरगड्या, खाली पडलेला बुरशीचा ढीग, भिजलेली वाकळ. त्याला आतापर्यंत खोकला नुसता ऐकू येत होता. आपलं पाणी कुठं जातं हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं मान खाली घातली ती वर केली नाही. कडूबाईनं उतरंडीची मडकी आणून भोकासमोर लावली, दार ढकलून दिलं. विहिरीवर आपण काय काय बोललो ते एकेक आठवायला लागलं.

अन् बोललेलं कुठं परत येतं? दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी पोलीस चौकीचा जमादार दिसला. मागं एक जवान. त्यांच्यापुढं बायनाबाई, हनुवटीनं घर दाखवत.

कडूबाई दारात उभी होती. आत दगडी खोकत होती. खरं सांगायचं तर तिच्या मनात आलं. का येऊ नये? एक शब्द बोलायचा अवकाश. पोरगा जाईल, पाणी थांबेल, भिंत वाळेल, दगडी श्वास घेईल. शब्द तर कालच बोलून झालाय, आज नुसतं 'हो' म्हणायचं. शिवम्माचा भाचा आपला कोण लागतो?

पण पोराचं ते विचारणं तिच्या कानातून जाईना. गल्लीत इतकी माणसं होती. 'बरी हाय का ती' असं कुणी विचारलं होतं? बापानं तरी?

कडूबाई आत वळली, भरलेली घागर उचलली अन् सगळी त्या भिंतीवर पालथी केली.

जमादार आत आला तो चिखलात. बूट वर करून मागं सरला.

"क्यों बाई, बावडी पे क्या चिल्लाई तू? कौन आदमी है बुढिया के घर में?"

"कोनी न्हाई, जमादारसाब. मी खोटी बाई हाय." कडूबाईनं डोक्यावरचा पदर ओढून घेतला. "न्हाणीत वारं येतंय म्हून पोरीला मी हितंच आत आंगुळ घालते. माज्याच पाण्यानं भित सडली. आक्का घर खाली कर म्हनंल, म्हून त्या गरिबावर ढकललं. माज्या जिभेला हाड न्हाई बगा. सगळ्या गल्लीला इचारा, मला शंकासुरीण म्हनत्यात."

दारात गोळा झालेल्या बायका हसल्या. तोंडावर हसल्या, पहिल्यांदाच. कडूबाई खालमानेनं उभी राहिली. जमादारानं भिंतीकडं बघितलं, निथळत होती. दगडीकडं बघितलं, ती भिऊन आणखी खोकायला लागली. 'बायकांच्या भांडणात पायताण खराब झालं' अशा अर्थाचं काहीतरी तो जवानाला बोलला अन् निघून गेला. बायनाबाई मात्र लगेच गेली नाही. ती त्या घागरीकडं बघत राहिली.

दुपारी शिवम्मानं मधल्या दाराला टिचकी मारली. कडूबाईनं फटीतून बघितलं, तिचे डोळे सुजलेले. पोरगा कालपासून न्हाला नव्हता. म्हणजे जेवला नव्हता, पाणी प्याला नव्हता. 'त्या लेकराच्या छातीवर न्हाऊन मी कुठला शिव पुजू?' म्हणत होता.

"आता काय करू गं?" शिवम्मा म्हणाली. "उपाशी मरंल त्यो."

 कडूबाईनं दार सताड उघडलं.

"न्हाणी हाय माजी. तिची मोरी बाहीर जाते, भितीत न्हाई. ह्यांची ड्युटी दिवसाची हाय. दुपारचं पाठवा त्याला हिकडं. मी दारात बसून गहू निवडते." अन् चिडून म्हणाली, "आता बगता काय? लवकर करा, माजं पाणी निवतंय!"

तिला कळत नव्हतं असं नाही. ज्या गोष्टीपायी तिनं शिवम्माची विहिरीवर अब्रू काढली, नेमकी तीच गोष्ट आता तिच्या घरात होणार होती. परका गडी, भरदुपारी, नवरा कामावर. पण भिंत वाळायला दुसरी वाट नव्हती, अन् आता त्या पोराला उपाशी मारायची तिची छाती नव्हती. भोकात नवी वीट बसवली, वरून शेणमातीनं लिंपलं, शेगडी लावली. माघ लागेपर्यंत ओल उतरली. बुरशीचा डाग राखाडी होऊन गळून पडला. दगडीचा श्वास मोकळा झाला. एका सकाळी ती उठली अन् न खोकता म्हणाली, "माय, भूक लागली." कडूबाई चुलीपुढं बसून ढसाढसा रडली.

अन् मग एका दुपारी भुजंग अवेळी घरी आला.

बसवराज नुकताच पलीकडं गेला होता. कडी घालून कडूबाई वळते तो दारात नवरा. तो शिंदीच्या दुकानावरून येत नव्हता, सरळ रुळावरून आला होता. वाटेत त्याला बायनाबाई भेटली होती. ती काय बोलली असेल ते सांगायला नको.

त्यानं न्हाणीत डोकावून बघितलं. दगड ओला, मोरीत पाणी अजून वाहत होतं, वाफ निघत होती.

"कोन न्हालं?"

"मीच की."

"केस कोरडे हायत तुजे."

"अंगावरून न्हाले."

"लुगडं सकाळचंच हाय."

ज्या माणसाला भिंतीवरची हातभर बुरशी कधी दिसली नाही, त्याला आज लुगड्याचा काठ दिसत होता. तो ओरडला नाही. ओरडला असता तर कडूबाई दुप्पट ओरडली असती, ते तिला येत होतं. तो वाळलेल्या भिंतीकडंला गेला. दगडी तिथं वाकळीवर निजली होती.

"हिच्या डोक्यावर हात ठेव," भुजंग म्हणाला.  "अन् म्हन, माज्या माघारी ह्या घरात कोनी परका गडी आला न्हाई. येवढं म्हन. मी पुन्यांदा इचारनार न्हाई."

आडभिंत पातळ. पलीकडं दोन माणसं श्वास धरून ऐकत होती, कडूबाईला ते ठाऊक होतं. खरं सांगावं तर संध्याकाळपर्यंत ते शिंदीच्या दुकानात जाणार, अन् रात्रीच्या आत चौकीवर. खोटं सांगावं तर जमादारापुढं ती पापणी न हलवता बोलली होतीच. पण या डोक्यावर हात ठेवून? आधीची दोन तिच्या डोळ्यादेखत गेली होती. हिला तिनं कसं धरून ठेवलं होतं ते तिलाच ठाऊक.

कडूबाईनं हात पुढं केला नाही. दोन्ही हात पदरात गुंडाळून ती उभी राहिली.

भुजंगानं वाट बघितली. मग त्यानं खुंटीवरची आपली घोंगडी काढली अन् तो बाहेर गेला. कडूबाईनं खाली बसून दगडीच्या अंगावर वाकळ सारखी केली. पोरगी गाढ झोपली होती, श्वास सरळ चालला होता.